अर्ध्यावर सोडलेला प्रश्न



नामदेवरायांची नरसी आपल्याच जिल्ह्यातली. तेव्हा कीर्तन म्हणजे काय, हे हिंगोलीकरांना कुणी शिकवायला नको. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादे वचन घेतात आणि त्यातला प्रश्न उलगडून मांडतात. उत्तररंगात त्यावर आख्यान लावतात. आता आख्यान कितीही रंगले, पण पूर्वरंगातल्या प्रश्नाकडे ते वळलेच नाही, तर जाणता श्रोता घरी जाताना म्हणतोच, "गाणं छान झालं हो, पण मूळ मुद्द्याचं काय झालं?"

आज अशाच एका कीर्तनाची हकिगत सांगायची आहे. फरक इतकाच, की ते देवळात झाले नाही. ते विलायतेत, दूरचित्रवाणीवर झाले. आणि त्यातला जो प्रश्न अर्ध्यावर सुटला, त्याचा संबंध फिरून फिरून आपल्या औंढा नागनाथच्या शिवाराशी येतो. तो कसा, ते शेवटी पाहू.

बी.बी.सी.ने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' नावाची विज्ञानमालिका सुरू केली. तिची पहिली कथा दिग्दर्शित केली ती लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुणाने. मालिकेचा नायक एक विक्षिप्त म्हातारा. त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणतात. त्याच्याजवळ एक निळी पेटी आहे. बाहेरून ती पोलिसांच्या टेलिफोनची खोली दिसते. आत गेले तर भलीमोठी. तिचे नाव टार्डिस. या पेटीत बसून हवे त्या काळात आणि हवे त्या ग्रहावर जाता येते. मात्र ती नेमकी कुठे उतरेल, याचा म्हाताऱ्यालाही भरवसा नसतो.

शिक्षक मित्रहो, पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी. या डॉक्टरबरोबर पहिले प्रवासी म्हणून कोण गेले, ठाऊक आहे? एका शाळेतले दोन शिक्षक. इयान हे विज्ञानाचे गुरुजी आणि बार्बरा या इतिहासाच्या बाई. यात योजना होती. मुलांनी शनिवारी संध्याकाळी गोष्ट पाहावी आणि पाहता पाहता थोडा इतिहास, थोडे विज्ञान त्यांच्या कानावर जावे, असा कर्त्यांचा हेतू होता. ही मालिका पुढे १९८९ पर्यंत चालली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली. एवढ्या लांब पल्ल्यात काही कथा उत्तम उतरल्या, काही पडल्या. आपल्याला पाहायची आहे ती 'द स्पेस म्युझियम', म्हणजे अवकाशातले संग्रहालय. ग्लिन जोन्स यांनी ती लिहिली आणि मर्विन पिनफील्ड यांनी दिग्दर्शित केली. २४ एप्रिल ते १५ मे १९६५ या काळात, दर शनिवारी एक, असे तिचे चार भाग झाले.

पहिला भाग ऐका. टार्डिस झेरॉस नावाच्या ग्रहावर उतरते. चौघे प्रवासी आहेत : डॉक्टर, इयान, बार्बरा आणि व्हिकी नावाची मुलगी. व्हिकीच्या हातून पाण्याचा पेला पडतो, फुटतो; आणि बघता बघता तुकडे जुळून, पाण्यासकट, पेला पुन्हा तिच्या हातात येतो! सगळे बाहेर पडतात. जमिनीवर धूळच धूळ, पण पावले उमटत नाहीत. समोरून माणसे येतात, पण त्यांना हे चौघे दिसत नाहीत, यांचा आवाजही ऐकू जात नाही. संग्रहालयात मांडलेल्या वस्तूला व्हिकी हात लावते, तर हात आरपार जातो. शेवटी एका दालनात काचेची चार कपाटे दिसतात. आणि त्या कपाटांत कोण उभे असते? हेच चौघे. भुसा भरलेल्या वाघासारखे, निश्चल, कायमचे मांडून ठेवलेले.

डॉक्टर सांगतो, आपण काळाच्या रुळावरून घसरलो. आपण इथे यायच्या आधीच आपण इथे आलो आहोत. हे जे दिसते ते आपले पुढचे भविष्य. थोड्या वेळात खरा क्षण आपल्याला गाठेल. तसेच होते. कपाटे नाहीशी होतात, धुळीत पावले उमटतात, तिकडे पेला फुटतो आणि या वेळी फुटलेलाच राहतो. आता पहारेकऱ्यांना हे चौघे दिसू शकतात. ते कपाट टाळायचे कसे?

मंडळी, हा झाला पूर्वरंग, आणि तो फार उत्तम आहे. त्यात नेमका कोणता प्रश्न मांडला आहे, हे आधी नीट समजून घेऊ.

आपण एखाद्याला म्हणालो, "औंढ्याच्या बसस्थानकावर भेटू", तर भेट होईल का? नाही होणार. "सकाळी आठ वाजता" हेही सांगावे लागते. म्हणजे भेटीचा ठावठिकाणा सांगायला लांबी, रुंदी, उंची यांच्या जोडीला काळही लागतो. म्हणून विज्ञान काळाला चौथी मिती म्हणते. आता, जागेत आपण पुढे-मागे जाऊ शकतो. हिंगोलीहून वसमतला जाऊन परत येता येते. मग काळात का जाता येऊ नये?

पुढे जाण्यापुरते उत्तर 'जाता येते' असे आहे, आणि ते नुसते गोष्टीतले नाही. फार वेगाने जाणारे घड्याळ हळू चालते. पृथ्वीच्या ओढीपासून दूर असलेले घड्याळ किंचित जलद चालते. तुमच्या मोबाइलमधला रस्ता दाखवणारा नकाशा ज्या उपग्रहांच्या आधाराने चालतो, त्यांची घड्याळे या दोन्ही कारणांचा हिशेब करून जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढीशी चूक सुधारली नाही, तर नकाशावरची जागा एका दिवसात दहा किलोमीटरच्या आसपास चुकेल. तुम्ही असाल औंढ्यात आणि नकाशा दाखवील भलतेच गाव.

आपल्या पुराणातही काळाची अशी एक गोष्ट आहे. राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिला घेऊन ब्रह्मदेवाकडे वर विचारायला गेला. तिथे गाणे चालले होते, म्हणून थोडा वेळ थांबला. ब्रह्मदेव हसून म्हणाले, "राजा, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली." हे विज्ञान नव्हे, कथा आहे. पण कथेने प्रश्न सोडलेला नाही, हे पाहा. ज्यांना मनात धरले होते ते वर केव्हाच गेले, तर आता मुलीचे काय? ती बलरामाला दिली. युगायुगांच्या फरकाने ती त्याच्यापेक्षा उंच, मग ते कसे जमले? बलरामाने नांगराने तिला खाली ओढून जुळते केले. एक अद्भुत गोष्ट मान्य केली, की तिच्यामागून येणारी प्रत्येक अडचण निस्तरायची. जुन्या कथाकारांना ही जबाबदारी कळत होती.

आता आपला प्रश्न याहून अवघड आहे. पुढचे दिसले, तर ते टाळता येते का? समजा, एका शेतकऱ्याला उद्या आपली सोयाबीनची गंजी जळालेली दिसली. त्याने रात्रीतून सगळा माल घरात आणला. उद्या आग लागलीच नाही. मग त्याने पाहिले ते काय होते? तो उद्या आता कुठे गेला? यावर दोन तऱ्हेची उत्तरे देता येतात. एक, होणार ते होणारच; आणि माल हलवताना कंदील पडूनच गंजी पेटेल, म्हणजे टाळायला गेला तेच घडेल. दुसरे, पुढचा रस्ता एक नसून अनेक फाटे आहेत आणि आपण निवडू त्या फाट्याने गाडी जाते. कथाकाराने यातले कोणतेही एक धरावे आणि शेवटापर्यंत न्यावे. दोन्हींत उत्तम गोष्ट होते.

मग उत्तररंगात झाले काय? निराशा झाली, ती इथे. पुढच्या तीन भागांत कळते, की हे संग्रहालय मोरॉक नावाच्या साम्राज्यवाल्यांचे आहे. त्यांनी झेरॉसचे मूळ रहिवासी गुलाम केले आहेत. साम्राज्य उतरणीला लागले, पाहायला कुणी येत नाही आणि तिथला अधिकारी कंटाळला आहे. हाही विषय चांगला होता. आपले साम्राज्य आटत असताना ब्रिटनने तो पाहावा, यात गंमतही होती. पण त्याचेही पुढे काही झाले नाही. चौघांची ताटातूट होते. बोळातून पळापळ, पकडापकड, सुटका, पुन्हा पकडापकड. शेवटी तिथली तरुण मुले बंड करतात, बंदुका चालतात, मोरॉक मारले जातात आणि प्रवासी मोकळे होतात.

आणि तो पेला का जुळला, पावले का उमटली नाहीत? शेवटी डॉक्टर सांगतो, टार्डिसमधला एक बारीकसा भाग अडकून बसला होता. झाले! विहीर खणता खणता खडक फुटला, झरा दिसला आणि गड्यांनी पहारी टाकून घरची वाट धरली, तसा हा प्रकार.

प्रेक्षकांनाही ते जाणवले असावे. पहिला भाग सुमारे एक कोटी पाच लाख लोकांनी पाहिला. शेवटच्या दोन भागांना सुमारे पंच्याऐंशी लाख उरले. प्रेक्षक कमी होण्याची इतरही कारणे असतात, हे खरे. पण आजही या मालिकेचे जाणकार पहिल्या भागाचे कौतुक करतात आणि पुढच्या तिघांविषयी सुस्कारा सोडतात.

न्यायाने बोलायचे तर जमेची बाजूही सांगितली पाहिजे. डाव्या-उजव्या कोणत्याही वाटेने जाताना ते चौघे अडखळतात, की हीच वाट आपल्याला त्या कपाटाकडे नेत असेल तर? तेवढ्यापुरती गोष्ट पुन्हा जिवंत होते. व्हिकीचा प्रसंग तर फारच छान आहे. शस्त्रागाराच्या दारावर एक यंत्र आहे. ते प्रश्न विचारते आणि ठरलेली खरी उत्तरे मिळाली तरच दार उघडते. व्हिकी त्याच्या तारा अशा बदलते, की उत्तर नुसते खरे असले तरी पुरे. यंत्र विचारते, शस्त्रे कशासाठी हवीत? ती खरे तेच सांगते, बंडासाठी. दार उघडते. आणि बंडाला चेतवले म्हणूनच भविष्य बदलले, असा अर्थही शेवटी निघतो. पण हा अर्थ घाईघाईने, जाता जाता निघतो. तो कमावलेला नाही.

तुम्ही म्हणाल, दर आठवड्याला एक भाग करायचा, लहानसा स्टुडिओ, तुटपुंजा पैसा. बिचारे काय करतील? खरे आहे. तिसऱ्या भागात तर डॉक्टरचे काम करणारे विल्यम हार्टनेल सुटीवर होते. पण विचार करा, या कथेतले सर्वांत अद्भुत दृश्य कोणते? धुळीत पाऊल न उमटणे. त्याला खर्च किती आला असेल? शेवटची लढाई त्याहून महाग पडली असेल, पण ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. तेव्हा पैसा कमी पडला असे नाही. प्रश्नाचा पाठपुरावा कमी पडला.

याच्या उलट एक उदाहरण त्याच बी.बी.सी.चे आहे, आणि तिथूनच धागा आपल्याकडे येतो. १९६१ साली तिथे 'ए फॉर अँड्रोमेडा' नावाची सात भागांची मालिका झाली. तिची मूळ कल्पना प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांची. दूरच्या तारकासमूहातून रेडिओसंदेश येतो. त्यात एक गणकयंत्र बांधायची कृती असते. ते बांधावे का? बांधले, तर ते कोणाच्या हुकमात राहील? प्रश्न मांडला आणि तोच पुढे नेला. दैव असे, की या चांगल्या मालिकेचे बहुतेक भाग नष्ट झाले आणि 'द स्पेस म्युझियम' मात्र चारही भागांसह शाबूत आहे.

या हॉइलसाहेबांच्या हाताखाली त्या दिवसांत केंब्रिजला एक मराठी तरुण संशोधन करीत होता. कोल्हापूरला जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर. १९७२ साली ते भारतात परतले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे नारळीकरच. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. विज्ञानकथेत विज्ञान हे तोंडी लावणे नसावे, ते काढून घेतले तर कथाच उभी राहू नये, अशी त्यांच्या लेखनाची तऱ्हा. पुढे १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था निघाली. तिचे ते संस्थापक संचालक. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले.

ही आयुका औंढा नागनाथजवळ होणाऱ्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पातली एक भागीदार संस्था आहे. आला ना धागा शिवारापर्यंत?

१९१६ साली आइन्स्टाइन यांनी गणिताने मांडले, की प्रचंड वस्तू हलल्या तर काळ आणि अवकाश यांच्या पटावर लाटा उठल्या पाहिजेत. विहिरीत धोंडा टाकल्यावर उठतात तशा. पण या लाटा इतक्या बारीक, की त्या मोजायच्या कशा? प्रश्न अवघड होता. तो कुणी सोडला नाही. एक पिढी गेली, दुसरी आली. काही प्रयोग फसले. अखेर अमेरिकेत काटकोनात दोन भुजा असलेली यंत्रे उभी राहिली, एकेक भुजा चार किलोमीटर लांब. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशा दोन ठिकाणच्या यंत्रांनी, सुमारे सात मिलिसेकंदांच्या अंतराने, एकच लाट टिपली. त्या भुजांच्या लांबीत पडलेला फरक अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी होता. ती लाट कुठली? दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, त्याची. आणि केव्हाची? सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीची. मालिकेतल्या प्रवाशांना भविष्य दिसले होते. इथे माणसाने भूतकाळाचा पदरव ऐकला.

एकोणीसशे सोळाचा पूर्वरंग, दोन हजार पंधराचा उत्तररंग. मध्ये जवळजवळ शंभर वर्षे. पण मूळ मुद्दा सुटला नाही!

असेच तिसरे यंत्र भारतात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. जगात अशी यंत्रे जितकी दूरदूर असतील, तितकी लाट कुठल्या दिशेने आली ते नेमके सांगता येते. म्हणून हिंगोलीच्या जमिनीला जगाच्या खगोलशास्त्रात मोल आले आहे.

पण मित्रहो, यंत्र येईल तेव्हा येईल. ते चालवणारी मुले आज तुमच्या वर्गात पाटावर, बाकावर बसली आहेत. म्हणून सांगायचे ते एवढेच.

आपण शिक्षकही पुष्कळदा त्या मालिकेसारखे वागतो. तासाच्या सुरुवातीला मोठा सुरेख प्रश्न टाकतो, "मुलांनो, आकाश निळे का दिसते?" मुलांचे डोळे मोठे होतात. मग घंटेची घाई, अभ्यासक्रमाची घाई. आपण धडा वाचायला घेतो, व्याख्या लिहून देतो, आणि मुलगा पुन्हा विचारू लागला तर म्हणतो, "ते परीक्षेला नाही, बस खाली." मुलाला काय समजते? प्रश्न हा नुसता सुरुवातीचा तमाशा असतो. खरे काम पळापळीचेच.

हवे तर एक तास असा करून पाहा. धुळीत न उमटणाऱ्या पावलांची गोष्ट वर्गात सांगा आणि थांबा. मुलांना विचारा : वस्तूतून हात आरपार जातो, तर मग पाय जमिनीतून खाली का जात नाहीत? जमीन पायाला उचलून धरते, तर धुळीवर दाब पडायला नको का? समोरच्याला आवाज ऐकू जात नाही, म्हणजे हवा हलत नाही. मग यांना श्वास कसा घेता येतो? मालिकेने हे विचारलेच नाही. तुमचा सातवीतला एखादा पोरगा नक्की विचारील. याला ना प्रयोगशाळा लागते, ना पैसा. उत्तर आपल्याला येत नसेल, तर सरळ म्हणावे, "मलाही ठाऊक नाही, उद्या मिळून शोधू." मात्र तो उद्या चुकवू नये. फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवावा आणि उत्तर मिळेपर्यंत पुसू नये.

आणि घरच्या मायबापांनो, हे तुम्हालाही. औंढ्याच्या देवळात नामदेवांसाठी देऊळ फिरले, ही कथा आपण लेकरांना सांगतो. जरूर सांगा. पण लेकरू विचारील, "आई, एवढं मोठं देऊळ कसं फिरलं असेल?" तेव्हा त्याला गप्प करू नका. श्रद्धेला त्याने धक्का लागत नाही. जो आज देवळाबद्दल विचारतो, तोच उद्या लाटेबद्दल विचारील.

गोष्ट असो, शेत असो, की शाळा. आरंभ सगळ्यांनाच साधतो. पेरणी थाटात होते, पण गाव पीक पाहते ते खळ्यावर. आपल्या मुलांचे प्रश्न खळ्यापर्यंत पोहोचोत, एवढीच इच्छा.